आजीच्या अंगठीतला खडा आणि समईचा उजेड

मॅडम,
माझे सासरे बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरीला होते. १९६२ साली इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात त्यांनी सासूबाईंसाठी एक अंगठी घेतली. ‘हा अलेक्झांड्राइट, रंग बदलतो,’ असं सांगून विकणाऱ्याने ती दिली होती. खडा करंगळीच्या नखाएवढा आहे. दिवसा राखाडी-निळसर दिसतो आणि रात्री दिव्याखाली जांभळट गुलाबी. भिंगातून पाहिला तर आत एकही डाग नाही. साठ वर्षं रोज बोटात असूनही पैलूंच्या कडा अजून धारदार आहेत. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. येत्या मार्गशीर्षात लेकीचा साखरपुडा आहे. तिचा जन्म जूनचा, आणि अलेक्झांड्राइट हा जूनचा जन्मखडा मानतात, त्यामुळे ‘मला आजीसारखाच खडा हवा’ असं तिचं म्हणणं. इथल्या सराफांनी अंगठी पाहून ‘काच आहे’ म्हणून परत दिली. पुण्यातले नणंदेच्या ओळखीचे एक व्यापारी म्हणतात, ‘खरा निघाला तर लाखांत जाईल.’ त्यांनीच एक नवा खडाही सुचवलाय. तो ०.७२ कॅरेटचा आहे, सोबत प्रयोगशाळेचा दाखला आहे. व्हॉट्सअॅपवर त्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात तो दिवसा हिरवा आणि रात्री तांबूस दिसतो. पण आजींच्या खड्यापुढे तो अगदीच एवढासा वाटतो. कुणाचं खरं मानू? नवा खडा चांगला आहे हे कसं ओळखू? आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक वाचक, रत्नागिरी

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैलूंच्या कडांबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्या एका वाक्याने माझं निम्मं काम केलं. काच साठ वर्षं बोटात राहिली असती तर कडा केव्हाच बोथट झाल्या असत्या. रोजची घासाघीस, अंगणातली धूळ यातलं काहीच काचेला सोसत नाही. तेव्हा तुमच्या सराफांनी घाईत उत्तर दिलं असं मला वाटतं. ही काच असण्याची शक्यता फार कमी आहे.

पण अलेक्झांड्राइट असण्याची शक्यताही तितकीच कमी आहे, आणि याचं कारण त्याच्या रंगात आहे.

अलेक्झांड्राइट म्हणजे आपल्या लसण्याचा सख्खा भाऊ. दोघांचंही खनिज एकच, क्रिसोबेरिल. १८३०च्या दशकात रशियातल्या उरल पर्वतात, पाचूच्या खाणींमध्ये तो पहिल्यांदा सापडला आणि तेव्हाच्या युवराज अलेक्झांडरचं, म्हणजे पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरचं नाव त्याला दिलं गेलं. इजिप्तच्या त्या बंदराशी त्याचा काहीही संबंध नाही. पण नावातल्या साम्यामुळे तिथे खलाशी आणि प्रवासी यांना ‘अलेक्झांड्राइट’ म्हणून बनवलेले खडे वर्षानुवर्षं विकले गेले. कोकणातल्या बोटीवरच्या माणसांच्या घरात असे खडे मी बरेच पाहिलेत. त्यातले जवळजवळ सगळे तुम्ही लिहिता त्याच रंगाचे होते: दिवसा राखाडी निळे, रात्री जांभळट गुलाबी.

खरा अलेक्झांड्राइट दिवसा हिरवा असतो. निळसर हिरवा असेल, पोपटीकडे झुकेल, पण हिरवा हवाच. दिव्याखाली तो लाल किंवा जांभळट लाल होतो. ही करामत खड्यात अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या क्रोमियमची. हाच क्रोमियम माणकाला लाल करतो आणि पाचूला हिरवा. अलेक्झांड्राइटमध्ये तो या दोघांच्या मधोमध उभा असतो: पिवळा उजेड शोषून घेतो आणि हिरवा व लाल असे दोन दरवाजे उघडे ठेवतो. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर असतो आणि आपला डोळा हिरव्याला सगळ्यात लवकर टिपतो, म्हणून हिरव्याची बाजू जड होते. ज्योतीच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल भाग जास्त, म्हणून लाल जिंकतो. खडा तोच असतो, उजेड मात्र बदललेला असतो.

तुमच्या आजींचा खडा बहुधा बनवलेला कुरुंद आहे. कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात तेच. ऑग्युस्त व्हर्न्युई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. त्याच रीतीत व्हॅनेडियम नावाचा धातू थोडा घातला की दिवसा निळसर आणि रात्री गुलाबी-जांभळा दिसणारा खडा तयार होतो. कठीणपणा नीलमाइतकाच, म्हणजे नऊ. अलेक्झांड्राइटचा साडेआठ. म्हणूनच कडा अजून धारदार आहेत.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. रंग बदलणारा नैसर्गिक नीलमही असतो. श्रीलंकेत आणि टांझानियात तो सापडतो, आणि तोही निळ्यावरून जांभळ्यावर जातो. करंगळीच्या नखाएवढा, डोळ्यांना एकही डाग न दिसणारा नैसर्गिक नीलम १९६२ साली बंदरावरच्या दुकानात खलाश्याच्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळाला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण न पाहता मी नाहीही म्हणणार नाही. हा प्रश्न प्रयोगशाळेत थोड्या वेळात सुटतो. अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वळतो त्याचा अंक, पाहिला की कुरुंद आणि क्रिसोबेरिल लगेच वेगळे होतात, कारण क्रिसोबेरिलचा अंक साधारण १.७४६ ते १.७५५ आणि कुरुंदाचा १.७६२ ते १.७७० असतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या रेघा पाहतात. ज्वालेत बनवलेल्या खड्यात त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र असतात. निसर्गातल्या खड्यात वाढीच्या रेघा सरळ किंवा कोनात वळलेल्या दिसतात, सोबत अनेकदा रेशमासारख्या बारीक सुया असतात. उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये निळ्या भागात, साधारण ४७५ नॅनोमीटरपाशी, एक ठळक काळी रेघ आली तर व्हॅनेडियमची खूण पटली. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे. अंगठी तशीच, खडा न काढता न्या. जुन्या कोंदणातून खडा काढायला कुणालाही हात लावू देऊ नका.

आता नवा खडा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रंग बदलणाऱ्या खड्यात लोकांचे पैसे जातात ते इथेच.

पहिलं म्हणजे तो व्हिडिओ विसरा. मोबाइलचा कॅमेरा उजेडाचा पिवळेपणा किंवा निळेपणा स्वतःहून दुरुस्त करत असतो. जे आपल्या डोळ्याला दिसायला हवं तेच तो पुसून टाकतो किंवा वाढवून दाखवतो. मोबाइलची टॉर्चही पांढऱ्या थंड एलईडीची असते. तिने खडा तपासून काहीच कळत नाही.

दुकानातल्या उजेडावरही विसंबू नका. सराफाच्या पेढीवर एका बाजूने रस्त्यावरचा दिवसाचा उजेड येत असतो आणि वरून पिवळे दिवे. असा मिसळलेला उजेड पडला की उत्तम खडाही मातकट, चिखलासारखा दिसतो. उलटही होतं. शिकाऊ होते तेव्हा एका दुकानात दिव्याखाली पाहून मी एका खड्याची फार तारीफ केली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी तोच खडा गढूळ पिवळट हिरवा निघाला, आणि तोवर माझ्या शब्दावर गिऱ्हाइकाने पैसे मोजले होते. ती चूक अजून आठवते. तेव्हापासून दोन उजेडांत स्वतः पाहिल्याशिवाय मी रंग बदलणाऱ्या खड्याविषयी तोंड उघडत नाही.

तुम्ही घरच्या घरी असं करा. व्यापाऱ्यांना खडा एक दिवस पाहायला ठेवून घेऊ द्या म्हणा, रीतसर चिठ्ठी देऊन. ओळखीतला व्यवहार आहे, ते नाही म्हणणार नाहीत. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन थेट पडत नाही अशा उत्तरेच्या खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर खडा ठेवा. आसपास रंगीत साडी, लाल परडी, हिरवी भिंत नको, त्यांचा रंग खड्यात उतरतो. संध्याकाळी पाच-सहाचं ऊन पिवळसर लाल झालेलं असतं, ते टाळा. आणि रात्रीसाठी तुमच्या देवघरातली समई किंवा निरांजन लावा. खरंच सांगते, घरातल्या दिव्यांत याहून चांगला उजेड नाही. हल्लीचे ‘वॉर्म’ लिहिलेले एलईडी डोळ्यांना पिवळे वाटतात, पण त्यातल्या पुष्कळांत गडद लाल भाग कमी असतो, त्यामुळे खडा अर्धाच बदलतो आणि आपण त्याच्यावर अन्याय करतो. तेला-तुपाच्या ज्योतीत लाल भरपूर असतो. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करा आणि एक-दोन मिनिटं थांबा, डोळ्यांना अंधार सरावू द्या.

मग दोन्ही रंग वेगवेगळे तपासा. बहुतेक लोक इथेच चुकतात. ‘बदलतो ना? मग झालं,’ असं म्हणून सोडून देतात. माझ्या मते बदल हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, दिवसाचा हिरवा हा एक स्वतंत्र हिरवा खडा म्हणून सुंदर आहे का? दुसरा, रात्रीचा लाल हा स्वतंत्र लाल खडा म्हणून सुंदर आहे का? हिरव्यात पिवळट, तपकिरी किंवा राखाडी झाक जितकी कमी तितकं बरं. लालमध्ये विटकरीपणा किंवा चहासारखा रंग नको. दोन्ही रंग चांगले असून बदल जरा कमी असलेला खडा मी घेईन. बदल जोरदार, पण एका बाजूला गढूळ हिरवा आणि दुसऱ्या बाजूला कत्थई, असा खडा मी घेणार नाही, कितीही दुर्मिळ असला तरी. बोटात तो दिवसभर घालायचाय, चमत्कार दाखवायला रोज कुणी येत नाही.

तुमच्या व्यापाऱ्यांच्या खड्याचा रात्रीचा रंग तुम्हीच ‘तांबूस’ लिहिलाय. मला त्याची धास्ती वाटते. समईपुढे तो डाळिंबाच्या दाण्याकडे झुकतो की विटेकडे, ते नीट बघा.

गडदपणाही बघायला हवा. फार गडद खडा दोन्ही उजेडांत काळपट दिसतो, बदल असून नसल्यासारखा. फार फिका असेल तर धुऊन गेलेल्या कपड्यासारखा दिसतो. मध्यम ते थोडा गडद उत्तम.

एका गोष्टीने मात्र भलेभले फसतात. अलेक्झांड्राइटमध्ये नुसता खडा फिरवला तरी रंग बदललेला दिसतो. एका दिशेने हिरवा, दुसरीकडून नारिंगी, तिसरीकडून जांभळट लाल. हा उजेडाने होणारा बदल नव्हे. ती त्याच्या स्फटिकाची रचनाच आहे. म्हणून विकणारा खडा चिमट्यात धरून फिरवून दाखवत असेल तर थांबवा. एकाच जागी, वरून, न हलवता पाहा आणि फक्त उजेड बदला. अंगठीत बसल्यावर जो रंग वर दिसणार, तोच तुमचा. चांगला कारागीर पैलू पाडताना हिरवा-लाल सर्वांत स्वच्छ दिसेल ती बाजू वर आणतो, मग वजन थोडं वाया गेलं तरी चालतं त्याला. वजन वाचवायला खाली पोट सुटल्यासारखा घाट ठेवलेला असेल, तर कॅरेटचे पैसे तुम्ही न दिसणाऱ्या पोटाला देता.

आत डाग असतील तर लगेच मागे हटू नका. खऱ्या अलेक्झांड्राइटमध्ये बोटाच्या ठशासारखी जाळी, बारीक सुया, अभ्रकाचे कण बरेचदा असतात. दहापट भिंगात दिसणारे पण नुसत्या डोळ्याला न दिसणारे डाग मला आश्वासकच वाटतात. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर तेवढी नको. कधीकधी तेल किंवा राळ भरून ती लपवतात, म्हणून दाखल्यात तशी नोंद आहे का ते पाहा. याउलट मोठा, काचेसारखा स्वच्छ आणि हिरव्यावरून लालवर नाटकी झेप घेणारा खडा स्वस्तात दिसला तर पहिला संशय घ्या. प्रयोगशाळेत बनवलेला अलेक्झांड्राइटही असतो, अगदी त्याच खनिजाचा. साधं भिंग त्याला पकडेलच असं नाही.

दाखला हातात घेऊन वाचा. ‘नॅचरल क्रिसोबेरिल, व्हरायटी अलेक्झांड्राइट’ असं स्पष्ट हवं. ‘अलेक्झांड्राइट इफेक्ट’ एवढंच असेल तर त्याचा अर्थ रंग बदलतो इतकाच, खडा गार्नेट नावाच्या दुसऱ्याच खनिजाचाही असू शकतो. वजन मिलिग्रॅमपर्यंत जुळवून पाहा. ०.७२ कॅरेट म्हणजे १४४ मिलिग्रॅम. रत्तीत सांगत असतील तर कॅरेटमध्येच सांगा म्हणा, कारण रत्तीचं वजन पेढीगणिक बदलतं. दाखल्याचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. कुठल्या खाणीचा हे लिहिलेलं असेल तर छान, पण त्यावर किंमत वाढवू देऊ नका. ब्राझीलमधल्या हेमातिता इथे १९८७ मध्ये सापडलेले खडे त्यांच्या निळसर हिरव्या आणि जांभळट लाल रंगासाठी नावाजले, श्रीलंकेचे आकाराने मोठे पण बरेचदा पिवळट हिरवे असतात. आपल्याकडेही आंध्रात, ओडिशात आणि छत्तीसगडमध्ये देवभोगजवळच्या सेंदमुड्याला अलेक्झांड्राइट मिळतो. पण प्रत्येक खाणीत चांगले आणि सामान्य दोन्ही निघतात. गाव चांगलं म्हणून मुलगा चांगला असं आपण स्थळ पाहताना तरी मानतो का?

पाऊण कॅरेटचा खडा ‘एवढासा’ वाटला म्हणून नाराज होऊ नका. एका कॅरेटच्या वरचा खरोखर सुरेख अलेक्झांड्राइट फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आकारात आजींच्या खड्याशी स्पर्धा करायला गेलात तर एकतर फसाल किंवा घर गहाण पडेल.

आता मला तुमच्या लेकीविषयी बोलायचंय. ‘आजीसारखाच खडा हवा’ असं ती म्हणते. तिला आवडलंय ते नाव की रंग? कारण लहानपणापासून आजीच्या बोटावर तिने जे पाहिलं, ते दिवसाचं निळं आणि रात्रीचं जांभळं होतं. खरा अलेक्झांड्राइट तिला कधीच तो रंग देणार नाही. साखरपुड्याच्या दिवशी हिरवा खडा पाहून तिचा हिरमोड होऊ शकतो, आणि तुम्हाला वाटेल की खडाच कमी पडला. तिला निळ्यातून जांभळ्यात जाणारं काही हवं असेल तर रंग बदलणारा नैसर्गिक नीलम बघा. अलेक्झांड्राइटच्या मानाने तो परवडतो आणि जरा मोठाही घेता येतो. पारख तशीच करा: खिडकीपाशी निळा स्वच्छ हवा, राखाडी नको, आणि समईपुढे जांभळा ठसठशीत हवा. पुष्कळसे नीलम निळ्याचे नुसते किंचित जांभळट निळे होतात, त्याला बदल म्हणू नका. तापवलेला आहे का हे दाखल्यात पाहा. तापवणं ही रूढ गोष्ट आहे, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी.

घरात नीलमाची धास्ती असते, ‘नीलम सगळ्यांना लाभत नाही’ म्हणतात. ग्रहांविषयी मी काही सांगणार नाही. पण दोन्ही घरच्या मोठ्यांना आधी विचारा. मनात किंतु ठेवून घातलेला दागिना चार दिवसांत डब्यात जातो, आणि चांगल्या खड्याचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिला जूनचाच खडा हवा असेल तर मोती आणि चंद्रकांतही (मूनस्टोन) जूनचेच आहेत.

सासूबाईंचं शेवटी लिहिते, कारण पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण मला वाटतं पत्र त्यांच्यासाठीच आहे. त्यांनी विचारलं नाही तर सांगण्याची घाई करू नका. विचारलं तर खोटं बोलू नका. प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं तर त्यांना म्हणा, हा खडा माणकाच्या आणि नीलमाच्या जातीचा आहे, माणसाने बनवलेला आहे, आणि त्या काळात ज्याला अलेक्झांड्राइट म्हणून विकत, तेच मामंजींनी आणलं. फसवलं त्या दुकानदाराने. मामंजींनी आपल्या परीने उत्तमच आणलं. मी पाहिलेल्या अशा कित्येक आज्यांना हे ऐकून वाईट वाटलं नाही. एकींनी तर विचारलं होतं, ‘रंग बदलायचा थांबणार नाही ना?’ नाही थांबत. शंभर वर्षांनीही नाही.

आणि ती अंगठी विकायचा विचार असेल तर करू नका. खडा बनवलेलाच निघाला तर बाजारात त्याला किंमत येणार नाही, फक्त सोन्याचे पैसे मिळतील. साठ वर्षांत कोंदणाच्या नख्या झिजल्या असतील, त्या चांगल्या कारागिराकडून भरून घ्या. घाट बदलू नका.

प्रयोगशाळेतून आलात की एका संध्याकाळी तिघी समईपुढे बसा. आजींची अंगठी, नवा अलेक्झांड्राइट आणि जमलं तर एखादा नीलम मागवून, तिन्ही एका पांढऱ्या रुमालावर ठेवा. नाव कुणी घेऊ नका. लेकीला हात पुढे करायला सांगा. तिने काय उचललं ते मला जरूर कळवा.